पाचव्या दिवसाचं धुणं

दिवा थोडा अलीकडे सरकवा. हो, तेवढा पुरे. एवारिस्तोच्या लॉजमध्ये हल्ली कोणी का उतरत नाही, असं तुम्हीच विचारलंत, म्हणून सांगते. नाहीतर आम्ही हा विषय काढत नाही.

त्या सकाळी मी घरातून निघाले ती साबण घेऊन. पिवळ्या साबणाची वडी, कपडे धोपटायचं फळकूट आणि भाजलेल्या मक्याची पुरचुंडी, एवढंच बरोबर होतं. आमच्या खोऱ्यात माणूस गेलं की पाचव्या दिवशी त्याच्या अंगावरचे कपडे वाहत्या पाण्यात धुतात. पोटच्या लेकरांनी धुताना त्यांना हात लावायचा नसतो, पाठ करून बसायचं असतं. धुवायचं काम जावयाचं. सातुर्निनाबाई गेल्या होत्या आणि एवारिस्तो त्यांचा एकुलता जावई. त्याची मुलगी कुस्कोला शिकते, तिची धर्ममाता मी, म्हणून ते दोघं नवरा-बायको मला कोमाद्रे म्हणतात आणि अशा कामाला मला बोलावणं येतंच. शिवाय सातुर्निनाबाईंच्या अंगावरचा प्रत्येक कपडा माझ्या मशिनवर शिवलेला. गावात शिवणारी मी एकटी.

पूर ओसरला नव्हता, नुसता दमला होता. नदी खाली तपकिरी फुगून चालली होती, मधूनच एखादं झाड किंवा मेंढी उलटीपालटी होत जायची. काठ खचला होता आणि रेल्वेचे रूळ शिडीसारखे हवेत लोंबत होते. अडकलेल्या परदेशी पाहुण्यांना हेलिकॉप्टरं येऊन उचलून घेऊन गेली. आम्हाला कोण उचलणार, आणि उचलून ठेवणार कुठे? कच्च्या विटांची घरं पाण्यात पडलेल्या पावासारखी बसली होती. जिकडे जावं तिकडे ओल्या मातीचा आणि कुजलेल्या बटाट्यांचा वास.

सातुर्निनाबाईंचं खोपटं गावापासून वेगळं, वरच्या जुन्या अवशेषांच्या अगदी पायथ्याशी होतं. पुराच्या रात्री वरून लोंढा आला आणि खोपटं गेलं. त्या दोन शेतं खाली मक्यात सापडल्या. आडव्या नव्हत्या, बसलेल्या होत्या, आणि तोंडात चिखल ठासलेला. डोंगरानं नेली, असं सगळे म्हणाले. डोंगरावर रागावून कुणाला काही मिळत नाही, म्हणून कोणी रागावलंही नाही.

एवारिस्तोचं लॉज मात्र जसंच्या तसं उभं होतं. दोन मजले, पत्र्याचं छप्पर, दारावर रंगवलेलं गिधाड. खोपट्याच्या आणि लॉजच्या मध्ये एक उतार काय तो. नशीब एकेकाचं, म्हणत आम्ही त्याच्या अंगणात जमलो.

आम्ही म्हणजे चौघं. मी, एवारिस्तो, त्याची बायको हिलारिया, आणि मेल्चोरमामा. मामा म्हणजे सातुर्निनाबाईंचा धाकटा भाऊ. हिलारियाचे मामा म्हणून अख्ख्या गावाचे मामा. पुढचे दात गेलेत, पण जीभ शाबूत आहे.

"चला जावईबापू," मामा म्हणाले. "सासूचे कपडे धुवायचा योग काही रोज येत नाही."

"जिवंत होती तेव्हा भांडी घासायला लावायची," एवारिस्तो म्हणाला. "मेल्यावर कपडे. सुटका नाहीच माझी."

"मग लग्नच करायचं नव्हतं."

"तेव्हा तुम्ही दारू पाजून हो म्हणायला लावलंत, मामा!"

हिलारिया हसली नाही. कपड्यांचं गाठोडं तिनं काखेत धरलं होतं आणि ती नदीकडे बघत होती. "या घाणीत मी आईचे कपडे धुवू देणार नाही," ती म्हणाली.

मामांनीही नदीकडे पाहिलं. "धार बघ कशी आहे. हातातून घागरा सुटला तर पाचवा हुकला. आणि पाचवा हुकला की ती जायची नाही, इथेच घुटमळत बसेल." त्यांनी वर पाहिलं. "वरच्या पन्हळींचं पाणी स्वच्छ असेल. तिथे जाऊ."

वर म्हणजे त्या अवशेषांत, आमच्या कितीतरी आधीच्या जुन्या लोकांच्या जागेत. तिथे दगडात कोरलेल्या पन्हळी आहेत, त्यांतून बारा महिने पाणी पडतं. माझ्या मनाला ते पटेना. "मामा, नदीचं पाणी जे घ्यायचं ते घेऊन खाली रानात जातं," मी म्हटलं. "पन्हळीचं पाणी आपल्याकडेच येतं. मेलेल्या माणसाचं धुणं तिथे आजवर कोणी धुतलंय का?"

"आजवर असा पूर तरी कुठे आला होता? आपण त्यांना विचारून घेऊ. पानं ठेवू, दारू शिंपडू. ते काय खातात का आपल्याला?"

"वर नको," एवारिस्तो एकदम म्हणाला. "वर दरड आहे. वाट सुटलीय. मी सांगतो ना, नको."

"तू कधी गेला होतास वर?" हिलारियानं विचारलं.

"लोक सांगतात..."

"वरच जायचं," ती म्हणाली आणि चालायला लागली.

वाट खरंच बिघडली होती. डोंगराच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या शेतांपैकी कितीतरी खाली घसरली होती. आमच्या आजोबांनी रचलेल्या दगडी ताली गेल्या होत्या, जुन्या लोकांच्या जागच्या जागी. त्यांच्या दगडांत सुई शिरत नाही. ढग उतरून आमच्या डोक्याला लागला होता आणि भरदुपारी चार हातांपलीकडचं दिसत नव्हतं. हिलारिया पुढे, मग मामा, मग मी, आणि माझ्यामागे एवारिस्तोचे बूट चिखलात चपक चपक वाजत.

निम्म्या चढावर पाण्याची वाटणी लागते. एक मोठा कोरीव दगड आहे, वरून आलेलं पाणी तिथे दोन पाटांत विभागतं. डावीकडचा पाट लॉजच्या अंगानं जातो, उजवीकडचा सातुर्निनाबाईंच्या खोपट्याच्या अंगानं. त्या दिवशी सगळं पाणी उजवीकडे पळत होतं. डावा पाट कोरडा. इतक्या पावसात कोरडा कसा, म्हणून मी वाकून पाहिलं. डाव्या पाटाच्या तोंडात दगड रचले होते, आणि दगडांच्या फटींत माती भरून काहीतरी कोंबलं होतं. त्याचा एक कोपरा चिखलातून बाहेर आला होता. पांढऱ्या कापडावर निळे पट्टे.

ते कापड मी ओळखलं. लॉजच्या गाद्यांना खोळी मीच शिवून दिल्या होत्या. पाहुणे गाद्यांवर उड्या मारतात म्हणून प्रत्येक कोपऱ्याला दुहेरी टीप घातली होती. ती टीप माझ्या डोळ्यांसमोर होती.

त्या रात्री कोणीतरी इथे येऊन लॉजचा पाट बुजवला होता. म्हणून सगळं पाणी, सगळा चिखल खोपट्यावर गेला. डोंगरानं काही केलं नव्हतं.

मागून एक बूट आला आणि त्या निळ्या पट्ट्यांवर टेकला. मी मान वर केली. एवारिस्तो माझ्याकडे बघत होता. त्याच्या मिशीवर ढगाचं पाणी साचलं होतं.

"कोमाद्रे, चला," तो हळूच म्हणाला. "पाऊस येईल."

मी चालू लागले. पुढे हिलारिया आईचं गाठोडं घेऊन चालली होती. तिला त्या वाटेवर, त्या ढगात, काय सांगणार होते मी? धुणं होऊ दे, खाली उतरलो की आधी मामांच्या कानावर घालू, असं मी ठरवलं.

पन्हळी जिथे आहेत ती जागा तुम्ही पाहिली असेल. उन्हात पाहुणे तिथे उभे राहून फोटो काढतात. त्या दिवशी तिथे चिटपाखरू नव्हतं. काळे भिजलेले दगड, बिनछपराच्या खोल्या, आणि ढगातून पाण्याचा आवाज. पुराचं पाणी सगळीकडे गढूळ, पण पन्हळीचं काचेसारखं. मामांनी गुडघे टेकून कोकाची निवडक पानं दगडावर ठेवली, मक्याची दारू शिंपडली आणि पुटपुटले, "तुमचं पाणी थोडा वेळ वापरतो. आमचं माणूस धुवून घेतो आणि जातो." पानं त्यांनी एवारिस्तोपुढेही धरली, फुंकर घालून ठेवायला. एवारिस्तोनं ती सरळ तोंडात टाकली आणि चघळायला लागला.

"अरे, ती त्यांची होती!" मामा म्हणाले.

"त्यांना दात आहेत का, मामा? तुमच्यासारखेच असतील ते."

मामांनी दुसरी पानं काढली नाहीत. पिशवीत होती की नाही कोण जाणे.

हिलारिया भिंतीकडे तोंड करून बसली. एवारिस्तोनं बाह्या सरसावल्या. शाल धुतली, पोलकं धुतलं, हॅट नुसती पुसली. सगळं पटापट निघालं. मग त्यानं घागरा पाण्याखाली धरला. जांभळा लोकरी घागरा, मोठ्या घेराचा. त्यातून चिखल सुटला. त्यानं साबण लावला, धोपटला, पिळला, पुन्हा पाण्याखाली धरला. पुन्हा चिखल.

"दाबून धुवा बापू, पाहुण्यांच्या चादरी नव्हेत त्या," मामा म्हणाले.

एवारिस्तो दातओठ खाऊन धोपटत होता. एका घागऱ्यात एवढी माती मावेल कशी? कुंड भरलं, कडेवरून वाहायला लागलं. मी जवळ जाऊन बोटावर थोडी घेतली. आमच्या उताराची माती लाल आहे. ही राखेसारखी पांढुरकी होती, आणि तिला कितीतरी वर्षं न उघडलेल्या खोलीचा वास येत होता. मी बोट दगडाला पुसलं, पुन्हा पुसलं.

शेवटी पाणी निवळलं. अंगातून वाफा निघत असलेला एवारिस्तो मागे सरकून बसला. "संपलं एकदाचं," तो म्हणाला. "चला खाली."

"संपलं कुठे?" मामा म्हणाले. "निरोप राहिला ना."

निरोपाची पद्धत अशी. ज्यानं धुतलं त्यानंच ते ओले कपडे अंगावर चढवायचे आणि गेलेल्या माणसाच्या नावानं प्रत्येकाचा निरोप घ्यायचा. लोक त्याला दारू देतात, हसतात, रडतात. मग सगळ्यात जवळच्या रक्ताच्या माणसानं तीनदा 'जा' म्हणायचं आणि पाठ फिरवायची. मगच कपडे उतरवायचे. त्याआधी नाही.

एवारिस्तोनं विजारीवरच घागरा चढवला. नाडी त्याच्या पोटाला जेमतेम पुरली. शाल खांद्यांवर, हॅट डोक्यावर तिरकी. इतका आडदांड माणूस, मिशा आणि खाली जांभळा घागरा. मामांना हसू आवरेना, आणि मलाही. मघाचं सगळं पोटात असूनही हसू आलं, काय करणार? नक्कल तो उत्तम करायचा. सासूसारखा उजव्या पायावर लचकत तो मामांसमोर आला.

"मेल्चोर," बारीक आवाज काढून तो म्हणाला, "दारू कमी कर. नाहीतर माझ्या मागोमाग येशील, आणि तिथेही मलाच तुझं बघावं लागेल!"

मामांनी डोळे पुसत त्याला घोटभर पाजली. मग तो माझ्यासमोर आला.

"फेलिसितास, कड तिरकी शिवलीस गं. आता वर सगळे विचारतील, कुणी शिवला, तर तुझं नाव सांगू का?"

"सांगा बाई," मी म्हटलं. "चार गिऱ्हाइकं पाठवा."

हिलारिया भिंतीपासून वळली होती. तीही हसत होती, गालांवरून पाणी वाहत होतं. एवारिस्तो लचकत तिच्यापुढे जाऊन उभा राहिला.

"हिलारिया..." तो म्हणाला, आणि थांबला.

मला आधी कळलंच नाही काय बदललं ते. मग लक्षात आलं. पन्हळीतून पाणी पडत होतं, मला दिसत होतं, पण त्याचा आवाज येत नव्हता. कसलाच आवाज नव्हता.

"हिलारिया. त्या रात्री मी झोपले नव्हते, पोरी."

हा आवाज बारीक नव्हता. नक्कल नव्हती. खालच्या पट्टीतला, सावकाश, घशात ओलं काहीतरी अडकल्यासारखा. मामांच्या हातातला पेला कलंडला.

"वर दगड हलत होते. एकावर एक कोणीतरी ठेवत होतं. मी दारात आले, कंदील वर केला. म्हटलं, कोण आहे? वरून खोकला आला. तो खोकला माझ्या ओळखीचा होता. म्हटलं, एवारिस्तो... तू का रे?"

एवारिस्तोचे दोन्ही हात वर आले आणि त्यानं स्वतःचं तोंड दाबून धरलं. आवाज बोटांमधून येत राहिला.

"तो म्हणाला, हो आई. काही नाही. झोपा तुम्ही." जरा थांबून आवाज म्हणाला, "मी झोपले."

हॅटखालचे डोळे मात्र एवारिस्तोचेच होते. ते घाबरून आमच्या तिघांवरून फिरत होते, माझ्यावर येऊन थांबले, पुन्हा हिलारियावर गेले. हिलारियानं त्या डोळ्यांत पाहिलं.

"खरं आहे?" तिनं विचारलं.

तोंडानं काही उत्तर दिलं नाही. डोळ्यांतून पाणी आलं. ते पुरेसं होतं. तरी तिनं माझ्याकडे वळून पाहिलं, आणि मी तिला सांगितलं, वाटणीपाशी काय पाहिलं ते. लपवून ठेवण्यासारखं आता राहिलंच काय होतं?

"पोरी, म्हण," मामा कुजबुजले. त्यांचा रंग उडाला होता. "जे काय असेल ते खाली जाऊन बघू. पंचांपुढे उभा करू त्याला, रस्ता झाला की पोलीस आणू. आता आधी तीनदा म्हण. जा आई, म्हण... पाठ फिरव... लवकर..."

एवारिस्तो एका हातानं नाडीची गाठ ओढत होता. ओल्या लोकरीत गाठ रुतत चालली होती. त्याचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. पण काय म्हणतोय ते लहान मुलालाही कळलं असतं. म्हण. म्हण. म्हण.

हिलारियानं गालांवरचं पाणी मनगटानं पुसलं. पुढे होऊन तिनं शाल त्याच्या खांद्यांवर सारखी केली, एखाद्या म्हातारीची करावी तशी.

"उभी का आई?" ती म्हणाली. "दमली असशील. घरी चल."

मामा खालीच बसले.

पन्हळींचा आवाज परत आला, इतका मोठा की मी कानांवर हात ठेवले.

खाली उतरताना हिलारियानं त्याचा हात धरला होता. तो उजव्या पायावर लचकत चालत होता, छोटी छोटी पावलं टाकत, घागरा दोन बोटांनी उचलून. वाटणीच्या दगडापाशी तो थांबला. निळ्या पट्ट्यांवर त्यानं तळवा ठेवला, जनावराच्या पाठीवर ठेवतात तसा, आणि त्याच्या घशातून हसल्यासारखा आवाज आला. बुजवलेला पाट कोणी मोकळा केला नाही. आजही तो तसाच आहे.

पुढे पाऊस थांबला. रूळ पुन्हा बसवले, पाहुणे यायला लागले. एवारिस्तोच्या अंगणात त्यांना काय दिसायचं, तर मिशावाला एक माणूस घागरा घालून चाती फिरवत बसलाय. त्यानं आयुष्यात कधी सूत कातलं नव्हतं. आता असं कातायचा की धागा दिसू नये. कोणी फोटो काढायला गेलं तर तो मान वर करायचा, आणि पाहुणे त्याच दिवशी सामान उचलायचे. लोक म्हणाले, पुराचा धसका घेतला.

मामांनी खूप हातपाय मारले. पाद्रीबुवांना आणलं, पलीकडच्या खोऱ्यातून एका जाणत्याला आणलं. जाणत्यानं दारातूनच एवारिस्तोकडे पाहिलं आणि आत यायला नकार दिला. मग मामांनी भाचीचे पाय धरले.

"आतातरी सोड त्याला. तीन शब्द बोल."

"मामा, तुमची बहीण घरात बसलीय," हिलारिया म्हणाली, "आणि तुम्ही तिला हाकलायला आलात?"

"ती माझी बहीण नाही," मामा म्हणाले. मी तिथेच होते, माझ्या कानांनी ऐकलंय. "सातुर्निनाला राग संध्याकाळपर्यंत टिकवता यायचा नाही. तिला मारणाऱ्यालाही तिनं रात्री सूप वाढलं असतं. तुझ्या घरात बसलंय ते कोण आहे, हिलारिया?"

हिलारियानं दार लावून घेतलं. मामा आता मुलाकडे खालच्या गावात राहतात. इकडे येत नाहीत.

मला वाटलं होतं, म्हातारपणी माणूस बहिणीला देवी करून ठेवतं. बहिणीचा राग भावाला काय ठाऊक? खरं सांगू, मला त्यात न्याय दिसत होता. सासूला बुडवलं, आता तिला वागव. असंच वाटत होतं मला, गेल्या आठवड्यापर्यंत.

गेल्या आठवड्यात दुपारी, छान ऊन पडलेलं असताना, हिलारिया त्याला घेऊन माझ्याकडे आली. "कोमाद्रे, आईला नवा घागरा शिवायचाय. हा कुजत आलाय. तुम्ही माप घ्या, मी कडेसाठी फीत आणते दुकानातून." आणि ती गेली.

तो खोलीच्या मध्ये उभा होता. मान खाली. घागरा अजूनही ओला होता. खालच्या कडेतून थेंब थेंब पाणी माझ्या फरशीवर पडत होतं. मी टेप घेऊन गुडघ्यांवर बसले, टाचण्या ओठांत धरल्या.

"कोमाद्रे..."

मी दचकले. तो एवारिस्तोचा आवाज होता. त्याचा स्वतःचा. फार दुरून, विहिरीतून यावा तसा.

"ते झोपलंय... दुपारी झोपतं थोडं... नाडी कापा. तुमच्याकडे कात्री आहे. देवासाठी कापा, कोमाद्रे... मला पोलिसांकडे द्या, गावाकडे द्या, दगड मारा... पण यातून काढा."

ओठांतल्या टाचण्या खाली पडल्या. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याची मिशी पांढरी झाली होती. त्या क्षणी त्यानं काय केलं होतं ते मला आठवेना, एवढंच दिसलं की हा माझ्या धर्मकन्येचा बाप आहे. मी मोठी कात्री घेतली, नेफ्यात घातली आणि नाडी कापली. जांभळा घागरा धप्पकन खाली बसला, ओल्या पोत्यासारखा.

आत त्याची तपकिरी विजार असायला हवी होती. आत दुसरा घागरा होता.

आमच्या बायका थंडीत एकावर एक घागरे घालतातच. पण वर पन्हळीपाशी त्यानं एकच चढवला होता, माझ्या डोळ्यांसमोर. हा दुसरा काळा होता, जाड, माझ्या आजीच्या वेळी घालायचे तसा, हातशिलाईचा. मी तोही कापला. आत तिसरा होता. त्याला शिलाईच नव्हती, नुसतं विणलेलं कापड गुंडाळून हाडाच्या काट्यानं खोचलेलं. काटा माझ्या बोटांत मोडला. खोलीत तो वास भरला, न उघडलेल्या खोलीचा.

"लवकर," एवारिस्तो म्हणाला. "लवकर, कोमाद्रे, ते जागं होतंय..."

तिसऱ्याच्या आत आणखी एक होतं. पांढुरकं, अतिशय बारीक विणीचं, कमरेपासून पायांपर्यंत घट्ट बसलेलं. अशी वीण मी आयुष्यात एकदाच पाहिली आहे. लहानपणी वरच्या घळीत, गुडघे छातीशी घेऊन बसवलेल्या हाडांभोवती. आमच्या लोकांत ती कोणालाच येत नाही. ज्यांना यायची ते कधीचे गेले.

कापायचं तर आधी कड हवी. मी पोटरीपाशी कड शोधली, मिळाली नाही. कमरेपाशी बोट घालून पाहिलं, बोट आत जाईना. कापड वर सदऱ्याच्या आत गेलं होतं. मी सदरा वर केला. विणलेले धागे पोटावरून छातीवर चढले होते आणि तिथे विरळ होत होत, एकेक करून, त्याच्या कातडीत शिरले होते. कापड कुठे संपतं आणि एवारिस्तो कुठे सुरू होतो, ते माझ्यासारख्या शिवणाऱ्या बाईच्या बोटांनाही कळेना.

त्याचं अंग गार होतं. माझ्या तळव्याखाली धागे किंचित सरकले, मागावर ओढल्यासारखे.

दारात सावली पडली. हिलारिया फीत घेऊन उभी होती. फरशीवरच्या तीन घागऱ्यांकडे तिनं पाहिलं. ओरडली नाही, चिडली नाही. आत आली, विणलेलं कापड उचलून त्याच्या कमरेला गुंडाळलं, त्यावर काळा, त्यावर जांभळा, आणि कापलेल्या नाडीचे तुकडे एकमेकांना बांधून गाठ मारली. एवारिस्तोचे डोळे मिटले होते, आणि मिटलेल्या तोंडाच्या आत कोणीतरी समाधानानं उसासा टाकला.

"हिलारिया," मी म्हटलं, "ही तुझी आई नाही. अजून वेळ आहे, तीनदा म्हण आणि पाठ फिरव."

"म्हटलं," ती म्हणाली. "कधीचं म्हटलंय, कोमाद्रे. रोज म्हणते." तिनं शालीचं टोक त्याच्या गळ्यापर्यंत ओढून घेतलं आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "छातीवर आलंय का? परवापर्यंत ते कमरेखालीच होतं."